काउंटी फेअरसाठी मुलांची तयारी: ऑक्टोबर ते ऑगस्ट

अमेरिकेतल्या मराठी घरांना काउंटी फेअर, म्हणजे काउंटीची शेतकी जत्रा, ठाऊक असते ती आकाशपाळणा आणि फनेल केकची. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या संध्याकाळी पोरांना घेऊन जायचं, जाता जाता बार्नमध्ये, म्हणजे जनावरांच्या गोठ्यात, डोकावून बकऱ्या-डुकरं बघायची आणि परत यायचं. मग एखाद्या वर्षी आठ-नऊ वर्षांचं पोर विचारतं, तो माझ्याएवढा मुलगा बकरी धरून उभा होता, मला का नाही उभं राहता येणार? येतं. शेत नसलं, अंगण नसलं, घरात कुणी कधी धार काढलेली नसली तरी येतं. अडचण एवढीच, की हा प्रश्न ऑगस्टमध्ये पडतो आणि तयारी ऑक्टोबरपासून धरावी लागते. या ऑगस्टला विचारलं असेल तर पुढच्या ऑगस्टचा बेत करा.

शिरायचं कुठून

मुलांचा मुख्य दरवाजा म्हणजे फोर-एच: जनावर, शिवण, बाग असा एखादा प्रकल्प घेऊन करता करता शिकणाऱ्या मुलांचे क्लब. ओहायोच्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी १९०२ मध्ये मुलांचा शेती क्लब काढला, तिथून ही चळवळ धरतात. मका, टोमॅटो, मातीची परीक्षा असले त्यांचे उद्योग. मोठ्या वयाचे शेतकरी विद्यापीठाचं नवं बियाणं, नवी पद्धत घ्यायला कचरत, मुलं मात्र करून बघत आणि बापाला दाखवत. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने राज्यांच्या कृषी विद्यापीठांना एक्स्टेन्शनची, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान गावोगाव पोचवणाऱ्या विभागाची, जोड मिळाली आणि फोर-एच त्याचाच भाग झाली. हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे फेअरमधला जज मुलाला ‘काय बनवलंस’ एवढंच विचारत नाही, ‘काय शिकलास’ हेही विचारतो. ही सव्वाशे वर्षांची सवय आहे.

आपल्या काउंटीचं एक्स्टेन्शन ऑफिस शोधा आणि फोन करा. बहुतेक राज्यांत ८ ते १८ वयाची मुलं स्पर्धेत उतरतात. ५ ते ७ वयाच्या मुलांना क्लोव्हरबड म्हणतात. त्यांची स्पर्धा नसते, सहभागाची रिबन सगळ्यांना मिळते. नोंदणीचं वर्ष बऱ्याच राज्यांत ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि फेअरमध्ये भाग घ्यायचा तर अमुक तारखेच्या आत सभासद असावं लागतं. जूनमध्ये जाग आली तर दार बंद झालेलं असू शकतं. हायस्कूलमध्ये शेतीचा विषय असेल तर एफएफए ही शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना हा दुसरा रस्ता आहे. निळ्या कॉर्डरॉय जाकिटातली मुलं दिसतात ती तीच.

‘आमच्याकडे कुठली आलीय काउंटी फेअर, आम्ही तर सबर्बमध्ये’ असं वाटत असेल तर जरा नकाशा बघा. मेरीलँडच्या गेथर्सबर्गमध्ये, न्यू जर्सीच्या ब्रिजवॉटरमध्ये, इलिनॉयच्या व्हीटनमध्ये, कॅलिफोर्नियाच्या प्लेझंटनमध्ये फेअर भरते. गणपतीच्या आरतीला दोनशे माणसं जमतात त्याच गावांत.

भारतवारीची तारीख आधी ठरवा

हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसतं, पण आपल्या घरांचा सगळ्यात मोठा अडथळा हाच. शाळा सुटली की पाच-सहा आठवडे पुण्याला, नागपूरला, सांगलीला. नेमके तेच आठवडे फेअरचे किंवा फेअरच्या आधीचे. जनावराचा प्रकल्प घेतला तर जून-जुलैत गावाला जाता येत नाही, शेजाऱ्याच्या भरवशावरही टाकता येत नाही. ज्या वर्षी भारतात जायचं त्या वर्षी फोटोग्राफी, शिवण, लाकूडकाम असा प्रकल्प घ्यावा. फोटोग्राफी तर भारतातच छान होते. ज्या वर्षी जनावर घ्यायचं त्या वर्षी डिसेंबरात जाऊन या.

आणखी एक. भारतात लाळ्या-खुरकूत हा गुरांचा झपाट्याने पसरणारा आजार आहे, अमेरिका १९२९ पासून त्यातून मुक्त आहे. गावाकडच्या गोठ्यात पोरं हुंदडून आली असतील तर विमानतळावर कस्टम्सच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या, बूट धुऊन आणा आणि परतल्यावर निदान पाच दिवस इथल्या गुराढोरांजवळ जाऊ देऊ नका. फेअरच्या आदल्या दिवशी विमानातून उतरून सरळ बार्नमध्ये, हे चालायचं नाही.

प्रकल्प निवडताना

पहिल्या वर्षी एक, फार तर दोन. आपल्याकडे उत्साह असा असतो, की पोराचं नाव आठ वर्गांत, म्हणजे स्पर्धेच्या आठ प्रकारांत, घालायचं आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आईने रात्री जागून केक आणि बाबांनी पोस्टर करायचं. जज मंडळी वर्षानुवर्षं हे काम करतात. नऊ वर्षांच्या हाताची शिलाई कशी असते आणि चाळिशीच्या हाताची कशी, हे त्यांना एका नजरेत कळतं. थोडी वाकडी पण मुलाची शिलाई निळी रिबन घेऊन जाते. आईकडून सरळ शिलाई घालून घेतलेल्या मुलाला मात्र ‘ही टीप कशी घातलीस?’ याचं उत्तर देता येत नाही.

मांसासाठी वाढवायच्या जनावरांबद्दल घरात स्पष्ट बोला, आणि ते ऑक्टोबरात बोला. मार्केट हॉग (डुक्कर), मार्केट लँब (कोकरू), स्टिअर (खच्ची केलेला गोऱ्हा) या प्रकल्पांचा शेवट लिलाव आणि पुढे कत्तलखाना असा असतो. बऱ्याच ठिकाणी एकदा त्या विक्रीत जनावर घातलं की ते परत घरी नेता येत नाही. शाकाहारी घरात, किंवा गोमांस ज्या घरात चालत नाही तिथे, हे जुलैमध्ये उमगणं मुलावर अन्याय आहे. लहानपणी घरच्या बोकडाचं काय झालं हे ज्यांना आठवतं त्यांना यावर जास्त सांगायला नको. पर्याय भरपूर आहेत: दुधाची शेळी, दुधाळ जातीची कालवड, अंड्यांच्या कोंबड्या, जातिवंत ससे, अल्पाका, कुत्र्याचं प्रशिक्षण. काही कुटुंबं विचार करून मांसाचा प्रकल्प घेतात, त्यातही गैर काही नाही. अन्न कुठून येतं हे त्या मुलाला आपल्यापेक्षा नीट कळतं.

जागा नाही, एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, कोंबडीही ठेवू देत नाही, अशी स्थिती असेल तर एक्स्टेन्शन ऑफिसमध्ये जनावर भाड्याने घेण्याबद्दल, म्हणजे लीजबद्दल विचारा. अनेक काउंट्यांत एखादा शेतकरी आपली शेळी किंवा कालवड मुलाच्या नावे लावून देतो. मुलाने आठवड्यातून ठरलेले दिवस तिथे जाऊन खाणंपिणं, साफसफाई, चालवणं करायचं. आई-बाबांच्या गाडीचं पेट्रोल जातं, ते धरून चाला.

फेअरबुक वाचा, मुलालाच वाचायला लावा

दर फेअरचं नियमांचं पुस्तक असतं, फेअरबुक किंवा प्रीमियम बुक. कुठल्या वर्गात काय, किती नग, कोणत्या आकाराच्या ताटलीत, नाव कधीपर्यंत द्यायचं, वस्तू कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत पोचवायची, हे सगळं त्यात असतं. नावनोंदणीची तारीख आणि वस्तू आणून देण्याची तारीख वेगळ्या असतात, आणि पहिली बरेचदा कित्येक आठवडे आधी येते. नियमांत राज्याराज्यांतच नव्हे, शेजारच्या काउंट्यांतही फरक असतो, त्यामुळे मैत्रिणीच्या काउंटीचे नियम आपल्याला लावू नका. चार कुकीज मागितल्यावर पाच ठेवल्या तर चव कितीही छान असो, प्रवेशिका बाद होऊ शकते.

तारखा उलट्या मोजा

तुम्ही डुक्कर पाळणार नसलात तरी हे गणित बघा, कारण सगळ्याच प्रकल्पांना ते लागू पडतं. समजा फेअरमधलं वजन २० जुलैला आहे आणि जनावर २६० पौंडांचं, म्हणजे सुमारे ११८ किलोचं हवं आहे. पिल्लू ६० पौंडांचं मिळालं. दोनशे पौंड वाढवायचे. चांगल्या खुराकावर दिवसाला साधारण १.८ पौंड वाढ धरली तर १११ दिवस लागतात. म्हणजे मार्चच्या शेवटी पिल्लू गोठ्यात असायला हवं. एप्रिलच्या मध्यावर आणलं तर ते कमी वजनाच्या मर्यादेत अडकू शकतं, फेब्रुवारीत आणलं तर जास्त वजनाच्या. मध्येच दर दोन-तीन आठवड्यांनी वजन करून खुराक कमी-जास्त करायचा. हे गणित मुलाने वहीत स्वतः मांडावं. शाळेतला भागाकार इथे पहिल्यांदा कामाला येतो.

कोंबड्यांचंही तसंच. तलंग साधारण १८ ते २२ आठवड्यांत अंड्यावर येते. जुलैच्या मध्यावर अंड्यावर आलेली तलंग दाखवायची असेल तर पिल्लं फेब्रुवारीच्या अखेरीस आणा. भाज्यांच्या बाबतीत पाकिटावरचे दिवस बघा, वर दोन आठवडे सोडा आणि एकाच वेळी सगळं न पेरता दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरा. फेअरच्या दिवशी झाडावर पाच सारखे टोमॅटो हवेत, एक भला मोठा नको.

जनावर आणि मूल, दोघांची शिकवण

आधी कागदपत्रं. बऱ्याच राज्यांत जनावर दाखवणाऱ्या मुलांना दर वर्षी वायक्यूसीए हा जनावरांच्या काळजीचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो ८ ते २१ वयासाठी आहे आणि ऑनलाइनही होतो. मेंढ्या-शेळ्यांना स्क्रेपी या मेंदूच्या आजारासाठीचा ओळखटॅग, कोंबड्यांना पुलोरम-टायफॉइड या जिवाणूंच्या आजारांची तपासणी, सशाच्या डाव्या कानात टॅटू, अशा अटी असतात. औषध दिलं असेल तर त्याचा विथड्रॉवल काळ, म्हणजे ते अंगातून उतरायला ठरवून दिलेले दिवस, संपल्याशिवाय जनावर विक्रीला जात नाही, म्हणून प्रत्येक इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा. बर्ड फ्लूचं वर्ष असेल तर नियम आयत्या वेळी बदलतात. २०१५ मध्ये अनेक राज्यांनी कोंबड्यांची प्रदर्शनंच बंद ठेवली होती. २०२४ मध्ये दुभत्या गाईंना तो आजार झाल्यावर काही राज्यांनी फेअरला येणाऱ्या दुभत्या गाईंची तपासणी सक्तीची केली. मुलाला आधीच सांगून ठेवा, की असं होऊ शकतं.

आता शोमनशिप. यात जज जनावराला नाही, मुलाला गुण देतो. माझ्या मते नवख्या मुलासाठी हाच सगळ्यात चांगला वर्ग, कारण इथे महागडं जनावर उपयोगी पडत नाही. भाड्याची शेळी असली तरी चालते. डुकराला दोर नसतो. हलक्या छडीने वळवत त्याला जजसमोरून चालवायचं, आपण जज आणि डुक्कर यांच्या मध्ये यायचं नाही आणि नजर अधूनमधून जजकडे ठेवायची. शेळी आणि कालवड दोरावर चालते, थांबवल्यावर चारही पाय चौकोनात उभे करायचे. दुधाळ जनावरांच्या वर्गात मुलं पांढरे कपडे घालतात. ते स्वच्छ राहतील तेवढे राहतील.

हे सगळं जमायला रोज वीस मिनिटं लागतात, आणि रविवारी दोन तास केले तर ती भरून निघत नाहीत. जनावराला रोजचा माणूस कळतो. सुरुवातीला नुसतं बांधून ब्रश करा, मग अंगणात चालवा, मग शेजारची पोरं, कुत्रं, रेडिओचा आवाज अशा गर्दीत चालवा. फेअरमध्ये लाउडस्पीकर असतो, मागे पाळणा गरगरत असतो, आणि पहिल्यांदाच ते ऐकणारी कालवड दोर हिसकून पळते. पळाली तर काय करायचं तेही शिकवा: दोर हाताला गुंडाळायचा नाही, जनावर शांतपणे परत आणायचं आणि पुन्हा उभं करायचं. असा प्रसंग नीट निभावला तर जज तेही बघतो.

जजचे प्रश्न साधे असतात. जात कोणती, वय किती, वजन किती, खुराकात प्रोटीन किती टक्के, या जनावरात एक गोष्ट बदलता आली तर काय बदलशील? शेवटचा प्रश्न मुलांना अडवतो, कारण आपल्या लाडक्या शेळीला नावं ठेवायची असतात. घरी सराव करा. डुकराच्या कानावरच्या खाचा वाचायला शिकवा: उजव्या कानावर वेताचा क्रमांक, डाव्यावर त्या पिल्लाचा.

कोंबडीला फेअरच्या दोन-तीन दिवस आधी अंघोळ घालतात. एका टबात सौम्य साबणाचं कोमट पाणी, दुसऱ्यात थोडं व्हिनेगर घातलेलं, तिसऱ्यात साधं. मग टॉवेल आणि हेअर ड्रायर. बहुतेक कोंबड्या ड्रायरसमोर डोळे मिटून बसतात, घरातली लहान भावंडं हा कार्यक्रम चुकवत नाहीत. सशांना गरमी सोसत नाही, तेव्हा पिंजऱ्यात ठेवायला पाण्याच्या बाटल्या गोठवून न्या.

जनावराशिवायचे वर्ग

मराठी मुलं बहुतेकदा इथून सुरू करतात, आणि वर्ग इतके असतात की फेअरबुक चाळताना थकायला होतं: बेकिंग, शिवण, चित्रकला, रॉकेट, रोबॉटिक्स, लाकूडकाम, फुलं, भाज्या.

बेकिंगमध्ये एकसारखेपणाला गुण असतात. दोन डझन कुकीज भाजा आणि त्यातल्या एकमेकींसारख्या चार निवडा. सगळ्यात देखणी एक त्यांत बसत नसेल तर ती घरच्यांनी खावी. जज उलटी करून तळ बघतो, तो करपलेला नको. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत घालू नका, वाफ धरून मऊ पडतात. क्रीम चीजसारखं फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं फ्रॉस्टिंग बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण पदार्थ दिवसच्या दिवस टेबलावर असतो.

आजीचं कैरीचं लोणचं कॅनिंगच्या, म्हणजे बरणीत हवाबंद करून टिकवलेल्या पदार्थांच्या, वर्गात घालायचा मोह होतो. नका घालू. तिथे कृषी खात्याच्या किंवा एक्स्टेन्शनच्या तपासलेल्या कृती, ठरलेला वेळ, झाकणाखाली ठरलेली मोकळी जागा असं सगळं मोजून लागतं. तेलात मुरलेलं आपलं लोणचं त्या चौकटीत बसत नाही. त्याच्या चवीबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही, हा विषबाधेपासूनच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मुलाने त्यांच्या कृतीने सफरचंदाचा जॅम करावा. चकली-शंकरपाळ्यांसाठी एखादा ‘इतर देशांचे पदार्थ’ असा वर्ग आहे का ते पुस्तकात शोधा. वारली चित्र हस्तकलेत छान जातं, सोबत मुलाने स्वतः लिहिलेलं चार ओळींचं कार्ड ठेवायचं. दोडका, कारलं, मेथी बहुतेकदा ‘इतर कोणतीही भाजी’ या वर्गात जातात. भाज्या पुसा, तेल लावून चमकवू नका, आणि देठ ठेवायचं की काढायचं ते नियमात बघा.

बऱ्याच फेअरमध्ये ओपन क्लास असतो, त्यात मोठी माणसंही भाग घेतात. आईचा स्वेटर, बाबांचा ब्रेड तिथे जाऊ द्या. मुलाच्या प्रकल्पात खुपसायचे हात आपोआप गुंततात.

जजसमोर बसताना

फोर-एचच्या अनेक वर्गांत जज मुलाला समोर बसवून बोलतो. पालकांनी लांब बसायचं. हे आपल्याला फार जड जातं. जजने विचारलं की मागून ‘अरे सांग ना, तू ते वाळूचा कागद घासलास’ असं सुरू होतं. गप्प बसा. मूल अडखळलं तरी गप्प बसा. घरी मात्र दहा-बारा दिवस जेवताना हे तीन प्रश्न विचारा: काय केलंस, कुठे अडलास, पुढच्या वेळी काय वेगळं करशील? पाठ केलेलं भाषण नको. वक्तृत्व स्पर्धेची सवय असलेली मुलं इथे घडाघडा बोलतात आणि जजने मध्ये प्रश्न विचारला की गडबडतात.

रेकॉर्ड बुक पहिल्या दिवसापासून लिहायला लावा: खुराकाचा खर्च, डॉक्टरचा खर्च, किती तास, काय बिघडलं, फोटो. जुलैत बसून वर्षभराचा खर्च आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते, सगळे आकडे शून्यावर संपतात.

फेअरचा आठवडा

न्यायची पेटी आदल्या आठवड्यात भरा: पाण्याची बादली, ब्रश, जास्तीचा दोर, कागदपत्रांची फाइल, पंखा, एक्स्टेन्शन कॉर्ड, कपड्यांचे दोन जोड, झाडू. हा झाडू महत्त्वाचा. मुलांच्या बार्न ड्यूटीच्या पाळ्या असतात. रिंगमधली, म्हणजे जनावर दाखवायच्या रिंगणातली, दहा मिनिटं संपली की घरी, असं नसतं. दिवसभर आलेल्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, शेण काढायचं, पाणी बदलायचं.

बार्नमध्ये खाणं-पिणं नाही, बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. २०१२ मध्ये डुकरांकडून माणसांना होणाऱ्या फ्लूचे तीनशेवर रुग्ण सापडले, बहुतेक फेअरला गेलेलेच. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि ६५ च्या पुढची माणसं यांनी डुकरांच्या बार्नपासून लांब राहावं असा सल्ला असतो. उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा नेमके यात बसतात. त्यांना शेळ्या, भोपळे आणि रजया दाखवा.

आता रिबन. फोर-एचमध्ये बऱ्याच ठिकाणी डॅनिश पद्धत असते: प्रत्येक वस्तू ठरलेल्या दर्जाशी ताडून बघतात, मुलांची एकमेकांशी तुलना नसते. उत्तम ती निळी, चांगली ती लाल, सुधारणा हवी ती पांढरी. एका वर्गात वीस मुलांना निळी मिळू शकते. त्यातल्या निवडक वस्तूंना जांभळी, आणि त्यांतून काही राज्याच्या फेअरला जातात. ‘मग पहिला कोण आला?’ असा फोन पुण्याहून येतोच. लाल रिबन आणि जजने लिहिलेली तीन वाक्यं घेऊन आलेल्या मुलाला त्या फोनपासून जरा वाचवा, आणि ती तीन वाक्यं रेकॉर्ड बुकला चिकटवा. पुढच्या वर्षीचा प्रकल्प त्यांतूनच निघतो.

लिलावात जनावर असेल तर फेअरच्या महिनाभर आधी मुलाने गावातल्या दुकानदारांना, डेंटिस्टला, बँकेला स्वतःच्या अक्षरात पत्रं द्यायची: मी कोण, माझं जनावर कोणतं, लिलाव कधी. शक्यतो जाऊन हातात द्यायची. गावकरी बाजारभावाच्या वर बोली लावतात ती मुलाला हातभार म्हणून, त्यामुळे विकत घेणाऱ्याला आभाराचं पत्र जायलाच हवं. कित्येक ठिकाणी ते पत्र दाखवल्याशिवाय चेक मिळत नाही. लिलावानंतर मूल रडेल. रडू द्या, त्या बार्नमध्ये त्या रात्री मोठी पोरंही रडत असतात.

वस्तू परत नेण्याची वेळ फेअरबुकमध्ये असते, त्याआधी उचलली तर बक्षिसाचे चार डॉलर आणि कधीकधी पुढच्या वर्षीचा प्रवेशही जातो. जनावराचा कप्पा झाडून, टॅग काढून, विभाग सांभाळणाऱ्या सुपरिंटेंडंटना सांगून निघा. रेकॉर्ड बुक त्याच आठवड्यात पूर्ण करून घ्या, कारण नव्या नोंदणीला मग दोनच महिने उरतात.